पांढऱ्याखालचं काळं

प्रिय धनू,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी नव्यानं द्यायची गरज नाही. पत्र बघून आधी घाबरू नकोस. इथं सगळं जागच्या जागी आहे. मी जेवते, झोपते, अंगणवाडीत जाते, पोरांना खिचडी वाढते, ती सांडतात ते पुसते. घरात फोन असताना आई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. तू विचारतेस, मी उत्तराची जुळवाजुळव करते तोवर तू दुसरंच विचारतेस, मग तुझी मीटिंग लागते आणि माझं उत्तर माझ्याकडेच राहतं. तुझ्यावर राग नाही माझा. मला सध्या राग येत नाही, हसू येत नाही, काहीच येत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टरनं सुई टोचली की गाल कसा होतो, तसं झालंय. गाल आपलाच असतो, पण चिमटा घेतला तरी दुसऱ्याचा वाटतो. लोक विचारतात, कशा आहात, आणि मी म्हणते, बरी आहे. ते खोटं नसतं. वाईट असायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

परवा तू म्हणालीस, "आत्याला केस कापू देत नाहीस, मला रंगवू देत नाहीस. माझ्या लग्नात अर्धी काळी, अर्धी पांढरी अशी उभी राहणार आहेस का? तसं असेल तर आम्ही दोघं जाऊन रजिस्टर करून येतो, कुणालाच बोलवत नाही. आई, तुला नक्की पाहिजे तरी काय?" आणि फोन ठेवलास. मी तेव्हा भाकरी थापत होते. ती तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली, शेकली. करपू दिली नाही. मग दुसरी केली. पण तुझा प्रश्न चुलीशेजारीच बसून राहिला, तो काही उठेना. प्रश्न चुकीचा नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणि जरा मोठ्यानंच.

आधी इथल्या बातम्या सांगते, मग निवांत त्याच्याकडे येते. राधाकृष्ण काकांनी मांडववाला ठरवला. नानांनी ठरवला असता त्यापेक्षा चांगला ठरवला, कारण तुझे नाना घासाघीस जनावरांत करायचे, माणसांत त्यांना लाज वाटायची. कन्यादानाला काका-काकू बसतील, तेही ठरलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हेच म्हणाले असते, म्हणून तू त्यावरून काकांशी भांडू नकोस. लांब शिंगांची ती म्हैस व्याली, रेडी झाली. कांदा काढून झाला, चाळीत टाकला. ऊन आत्तापासूनच असं पडलंय की दुपारी अंगणवाडीच्या पत्र्याखाली पोरं आपोआप झोपतात, मला गाणी म्हणावी लागत नाहीत. पत्रिकेचा नमुना पाहिला. माझ्या नावाआधी 'श्रीमती' छापलंय. नाना गेले, तेव्हा ते बरोबरच आहे. मी तिथं थोडा वेळ बघत राहिले आणि मग पुढची ओळ वाचली.

आता केसांचं. तुला वाटतं की मी गावाला घाबरते. तुझ्या आत्याला वाटतं की मला अजून नटायची हौस आहे. विहीणबाईंना वाटतं की मला पार्लरमध्ये जायला संकोच वाटतो. तुम्ही तिघीही माझ्या भल्याचंच बघता, पण तिघींनाही माझं डोकंच दिसतं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. यातलं काही तुला ठाऊक आहे, पण तेव्हा तू लहान होतीस आणि डायचा वास आला की नाक दाबून घरात पळायचीस, त्यामुळे अर्धंच ठाऊक आहे.

माझे केस लवकर पिकले. आमच्या माहेरी सगळ्यांचेच पिकतात, माझ्या आईला मी काळ्या केसांत कधी पाहिलंच नाही. पस्तिशी उलटली तशी कपाळावरून पांढरे दिसायला लागले. मला त्याचं काही नव्हतं. पण बायका थांबवून सांगायच्या. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी माझं डोकं बघून स्वतःच्या डोक्यावरचा पदर नीट करायची. "सत्यशीलाबाई, अशा काय राहता वं, नानापरीस मोठ्या दिसता." आणि तुझ्या नानांचं डोकं तर माझ्या आधीच कापसासारखं झालं होतं. त्यांना कुणी कधी थांबवलं नाही. उलट घोडेगावच्या बाजारात त्याचीच चलती होती. पांढऱ्या केसांचा दलाल म्हणजे खात्रीचा माणूस, जनावरातलं त्याला कळतं, तो फसवायचा नाही. तेच पांढरं त्यांच्या डोक्यावर अनुभव होतं आणि माझ्या डोक्यावर आळस. मी हे एकदा त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, हे मात्र खरंय. तेवढंच म्हणाले.

मग एकदा जामखेडकडचा एक गिऱ्हाईक घरी आला. दोन म्हशी बघायच्या होत्या त्याला. ओट्यावर टेकला, मला दारात बघितलं आणि तुझ्या नानांना म्हणाला, "नाना, लई तहान लागली हाय, आईसाहेबांना जरा पाणी सांगा की." नानांनी इकडं तिकडं पाहिलं. त्यांची आई जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्या तर आधीच आलं होतं. पाणी मी दिलं, चहाही मीच केला. त्यात साखर घालायची राहिली की मी घातलीच नाही, ते आता आठवत नाही. गिऱ्हाईक मात्र तो मुकाट्यानं प्यायला. त्या माणसाला नानांनी म्हैस विकली नाही. चांगला सौदा होता, पण म्हणाले, ज्याला माणसाचं वय कळत नाही त्याला जनावराचं काय कळणार.

दुसऱ्या दिवशी नेवाशाहून येताना त्यांनी डायची पुडी आणली. माझ्या हातात दिली नाही. स्वतःच वाचली, दोनदा वाचली, आणि म्हणाले, हे माझ्याच्यानं होईल. होणारच होतं म्हणा. गुरुवार होता. शुक्रवारच्या बाजाराला न्यायची जनावरं ते गुरुवारीच तयार करायचे, हे तू पाहिलंयस. म्हैस धुवायची, भादरायची, अंगाला तेल चोळायचं, शिंगं घासूनपुसून काळीकुळकुळीत करायची. मी त्यावरून त्यांना कायम बोलायचे, की म्हातारीला तरणी करून विकता. ते म्हणायचे, तोंड उघडलं की दातावरून वय कळतंच, ते कुणी लपवत नाही. हे सगळं गिऱ्हाईकासाठी नसतं, बाजारात जाताना म्हशीनं मान वर करून चालावं म्हणून असतं. तर त्या दिवशी म्हशी झाल्या, त्यांनी हात साबणानं खसखसून धुतले आणि म्हणाले, चल, आता तुझा नंबर. मी अशी चिडले म्हणून सांगू! आणि तशीच जाऊन धुण्याच्या दगडावर बसले. ब्रश मात्र नवीन आणला होता. म्हशीचा वेगळा, तुझा वेगळा, म्हणाले, माणसाला एवढा तरी मान पाहिजे.

तेव्हापासून दर महिन्या-सव्वा महिन्याला एका गुरुवारी दुपारी हे ठरलेलं. मी दगडावर, पाठीमागं ते. जुनं लुगडं खांद्यावर. फणीच्या टोकानं ते भांग पाडत जायचे, मुळाशी ब्रश फिरवायचे, दुसरा भांग, पुन्हा ब्रश. जनावराची मान वळवतात तशी दोन बोटांनी माझी हनुवटी वळवायचे, आणि मी ओरडले की म्हणायचे, तुझ्यापेक्षा म्हशी बऱ्या, हलत नाहीत. माझं डोकं मागून कसं दिसतं हे मी आजवर पाहिलेलं नाही. त्यांनी पाहिलंय. कानामागं एक तीळ आहे म्हणायचे. खरा की खोटा, देव जाणे. आणि हे चाललेलं असताना ते बोलायचे. बाजारात कोण आलं, कुणाची गाय कशी फसली, तुझी फी, भावकीतली भांडणं, त्यांच्या आईच्या आठवणी. समोरासमोर बसून तुझे नाना माझ्याशी फारसं कधी बोलले नाहीत. समोर बसले की जेवायचे. आमचं जे काही बोलणं झालं ते मी त्यांच्याकडे पाठ करून बसलेली असताना झालं. रंग चढेपर्यंत डोकं तसंच ठेवायचं असतं, तेवढा वेळ ते शेजारी बसून राहायचे. उठायचं काही कारण नसल्यासारखे.

हातमोजे त्यांनी कधी घातले नाहीत. पुडीत असायचे, ते त्याचा फुगा करून तुला द्यायचे. त्यामुळे शुक्रवारी बाजारात जाताना त्यांची बोटं काळी. तिकडे सौदा टॉवेलाखाली होतो, एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची, भाव बोलायचा नाही. टॉवेल काढला की सगळे दलाल यांची नखं बघून हसायचे. "काय नाना, कालची म्हैस लई काळी झाली जनू?" हे म्हणायचे, "म्हशीला लावताना मी हात जपतो गड्या. हे घरचं हाय." हे मला त्यांनी नाही सांगितलं, त्यांच्याबरोबरच्या आसारामनं सांगितलं, दहाव्याला आला होता तेव्हा. सांगताना तो रडत होता. मी त्याला पाणी दिलं.

दिवाळी झाल्यावरचा तो गुरुवार. तू पुण्याला परत गेली होतीस. मी म्हटलं, राहू द्या आता, सण झाला, कोण बघतंय. ते म्हणाले, मी बघतोय ना. असं काही ते कधी बोलत नसत. मी मागं वळून पाहिलं तर त्यांनी हनुवटी धरून मान पुन्हा पुढं केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात म्हशीचे दात बघायला वाकले आणि तिथंच बसले. पिकअपमधून घरी आणलं. ते तुला सगळं माहीत आहे, तू रात्रीपर्यंत पोचलीसच. तू आल्यावर मला मिठी मारलीस, तेव्हा मला एवढंच कळत होतं की तुझ्या बॅगेची चेन माझ्या हाताला टोचतेय.

मी रडले नाही. तू ते बोलून दाखवलं नाहीस, पण तू पाहिलंस. सगळ्यांनीच पाहिलं. तुझी आत्या माझ्या पाठीत बुक्क्या मारत होती. "रड गं शीले, रड, अशी दगडावानी बसू नगं, छाती फुटंल." बायकांनी मला धरून त्यांच्या तोंडाजवळ नेलं, की चेहरा बघून तरी बांध फुटेल. मी चेहरा बघितलाच नाही. माझी नजर त्यांच्या हातांवर होती. नखांच्या कडांना काळं होतं, आदल्या दिवशीचं. आंघोळ घालताना तुझी आत्या भागूबाईच म्हणाली, "हातं काळी हायती, नीट धुवा रे त्याची." कुणीतरी साबण लावला, घासलं. निघालं नाही. ते दोन-तीन दिवस निघत नसतं. मला माहीत होतं. तसेच गेले ते.

आपल्या गावानं मागं ठराव केलाय, नवरा गेला तर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. चांगला ठराव आहे. मी स्वतः ग्रामसभेत हात वर केला होता. त्यामुळे माझ्या बांगड्या राहिल्या, टिकली राहिली, आणि मग लोकांना बघायला केस तेवढे उरले. सुतकात तेल नाही, फणी नाही, डाय तर नाहीच. महिन्याचं घातलं त्या दिवशी भांगात करंगळीएवढी पांढरी पट्टी आली होती. भागूबाईंनी माझा पदर सरकवला, बघितलं आणि हंबरडा फोडला. "माझ्या भावामागं हिचं डोकं पांढरं झालं गं! आमी म्हनत हुतो हिला काईच वाटलं न्हाई. बघा, आतल्या आत जळली बाई!" सगळ्या जमल्या, सगळ्यांनी बघितलं. नवऱ्याच्या दुःखानं सत्यशीलाचे केस पिकले, असं गावात झालं. फिरत फिरत ते एका रात्रीत पिकले असं झालं. आता देवळात मला पुढं जागा देतात. रंगुबाई, जी मला कायम 'नटवी अंगणवाडी' म्हणायची, तिनं परवा माझ्या पायाला हात लावला. एकीलाही आठवत नाही की मी डाय करायचे. की आठवतं, पण ही गोष्ट जास्त बरी वाटते, कोण जाणे. आत्याला तर पक्कं माहीत होतं. तिनंच मला एकदा पुडी आणायला सांगितली होती, स्वतःसाठी. पण तिच्या मनात तिच्या भावासाठी कुणाचे तरी केस पांढरे व्हायला हवे होते. माझे झाले. मी कुणाला खरं सांगितलं नाही. सांगावंसं वाटायलाही अंगात काहीतरी लागतं. मान हलवणं सोपं होतं.

मग तुझं लग्न ठरलं. ठरलं तर आधीच होतं म्हणा, तुझं आणि रविराजचं, नानांनाही पसंत होतं, फक्त तारीख उरली होती. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून काकांनी वैशाख धरला. विहीणबाई राहात्याहून पेरूंची करंडी घेऊन आल्या. चांगल्या आहेत गं त्या. हसतमुख आहेत, माझ्याच वयाच्या असतील, पण केस काळेभोर, आणि तू मला कुणाच्या पंक्तीला बसवतेयस ते त्यांच्याकडे बघून मला कळलं. म्हणाल्या, "ताई, आमच्या पार्लरवाल्या ज्योतीकडे या, मी घेऊन जाते, एका तासात वीस वर्षं जातील." मी म्हटलं, बघू. मग त्याच मला समजवायला लागल्या, की नाही जमलं तरी काळजी करू नका, फोटोवाला हुशार आहे, कॉम्प्युटरवर केस काळे करून देतो, त्यांच्या पुतण्याच्या लग्नात एका आजींचे केलेत. आणि तू डायचा खोका आणलास, महागातला, अमोनिया नसलेला. "आई, नानांना तू अशी राहिलेली आवडली नसतीस." हे तुझं अगदी खरं आहे. खोका कपाटात आहे. मी उघडून वास घेतला. वास येत नाही त्याला.

त्यानंतर आत्या आली. माझ्या डोक्याला तेल नाही म्हणून खोबरेल कोमट करून घेऊन बसली. मी त्याच दगडावर बसले, ती मागं. तेल लावता लावता म्हणाली, "वरचं पांढरं झालं, खालचं अजून काळं हाय. लई वंगाळ दिसतंय बग, ना धड हे ना धड ते. लग्नात चार लोकं येतील. खालचं कापून टाकू, समदं एकसारखं पांढरं र्‍हाईल. बाईमानसाला शोभंल." बोलता बोलता तिनं कोनाड्यातली कात्री घेतली आणि शेपटा हातात धरला. धनू, मला पुढचं नीट आठवत नाही. मी ओरडले. कशी ओरडले ते मलाच माहीत नाही, दावणीची म्हैस उठून उभी राहिली. शेपटा ओढून घेतला, तेलाची वाटी लवंडली, आणि मी आत्याला म्हणाले, "हात लावायचा नाही." आत्या, जिच्यापुढं मी तीस वर्षांत पदर सरकू दिला नाही. ती बिचारी कात्री खाली ठेवून निघून गेली. आणि तिनं तुला फोन करून सांगितलं की तुझ्या आईला अजून काळ्या केसांची हौस हाय. म्हणून तू चिडलीस. हौस आहे तर मग डाय करायला काय होतं, असं तुला वाटलं. बरोबर आहे. बाहेरून बघितलं तर तसंच दिसतं. मी आत्याकडे जाऊन आले, तिचे पाय धरले. तिनं जवळ घेतलं, पण तिला कळलेलं नाही.

नाना गेल्यापासून मला काही वाटलं असेल तर ते तेवढंच, कात्री लागता लागता. म्हणून मी नंतर पुष्कळ वेळ बसून विचार केला, की आपण एवढं कशावर ओरडलो. पांढऱ्यावर तर नाही. पांढरं आपलं आपण येतं, ते राखायचं काही नसतं. गाव ज्याला पुजतंय ते पांढरं माझ्या काही कामाचं नाही. पण रोज सकाळी मी केस विंचरते ना, तेव्हा फणी पांढऱ्यातून खाली येते आणि एका जागी काळ्यात शिरते. हाताला काही लागत नाही, रेशमासारखंच असतं दोन्ही. पण मला ती जागा कळते. तिच्यावरचे केस नाना नसतानाचे आहेत. खालचे सगळे त्यांनी हातानं काळे केलेले आहेत. मुळाशी बोट टेकवून, भांग भांग करून, कुठं सुटलं तर परत मागं येऊन. डाय केला की ती जागा पुसली जाईल, आणि त्यांचं कुठवर आणि दुसऱ्याचं कुठून, ते मलाही कळायचं नाही. कापलं तर विचारूच नकोस. तू विचारलंस, आई तुला नक्की काय पाहिजे. मी पांढरं मिरवत नाहीये गं, मी काळं सांभाळतेय. तेही आता तांबूस पडायला लागलंय, फणीत रोज थोडं येतं, ते मी टाकत नाही. तीन वर्षं थांबलो असतो तर तोवर काहीच उरलं नसतं. वर्षाच्या आत ठरलं हे एका परीनं बरंच झालं. तेव्हा एवढंच मागते, दुसरं काही नको. मला अशीच येऊ दे, अर्धी काळी, अर्धी पांढरी, शेपटा पुढं घेऊन. कुणी काय म्हणेल ते म्हणू दे, मला सध्या फारसं लागत नाही. विहीणबाईंना तू तुझ्या पद्धतीनं सांग. आणि त्या फोटोवाल्याला आधीच बजावून ठेव, आईच्या केसांना हात लावायचा नाही म्हणावं, कॉम्प्युटरवर सुद्धा. तुझ्या लग्नाच्या फोटोत नाना आले, तर तेवढ्यातच येतील.

तुझीच, आहे तशी,
आई